सहावा दगड

तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसलं की नखांत हिरवा रंग जाऊन बसतो आणि कितीही घासला तरी दोन-चार दिवस निघत नाही. लहानपणी आम्ही मैत्रिणी एकमेकींची नखं बघून कुणाच्या घरी भज्जीचं, म्हणजे दाण्यांच्या नि पालेभाज्यांच्या मिसळभाजीचं, केवढं पातेलं चढणार याचा अंदाज बांधायचो. आज माझी नखं हिरवी आहेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे वेगवेगळ्या ताटांत पडलेत, चिंच भिजत घातली आहे आणि कळंबच्या बाजारातून आणलेल्या मेथीचा वास घरभर झालाय. परवा येळवस.

दुसरीकडच्या लोकांना येळवस सांगावी लागते. कागदोपत्री तिला वेळ अमावस्या म्हणतात. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा घाटे धरत असतो, आणि आमच्या धाराशिवकडची थंडी जेवढी म्हणून पडायची तेवढी पडलेली असते. ज्या रानानं वर्षभर आपल्याला खायला घातलं त्याला एक दिवस आपण खायला घालायचं, एवढाच तिचा अर्थ. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. त्यांना भज्जी, ताकातली आंबील, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खीर दाखवायची, पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग जो दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही. तेही कुणाच्या तरी रानात उंडा खात बसलेलं असतं.

मी हे सगळं वर्षानुवर्षं करत आले. आरोग्यसेविकेच्या नोकरीत असताना कुणाचं बाळंतपण अडलं म्हणून पहाटे उठून गेले असेन, पण दुपारपर्यंत रानात पोचले नाही असं झालं नाही. सासूबाई म्हणायच्या, "माणूस एक येळ उपाशी ऱ्हायला तर बोलून दावतंय. रान बोलत न्हाय, म्हणून त्याला आदी वाढायचं." त्या गेल्या, वाक्य माझ्याकडं राहिलं.

यंदा मात्र भज्जीपेक्षा वेगळीच एक गोष्ट डोक्यात बसली आहे. समोर फडताळात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक दगड ठेवलाय. करडा, दोन्ही मुठींत मावेल एवढा, एका अंगानं पाय पडून पडून गुळगुळीत झालेला. तो स्वीडनहून आलाय. दिवाळीला आमची मनू आली तेव्हा बाळाच्या झबल्यांत गुंडाळून विमानातून घेऊन आली. आमच्या ह्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "आपल्याकडं काय दगडाचा दुष्काळ पडलाय का? ह्या साली पावसानं माती नेली अन् दगड तेवढे वर काढून ठेवले. उचलून उचलून माझी कंबर गेली. अन् पोरगी इमानातनं दगड आणती."

परवा या दगडाला जेवू घालायचं आहे. तसा मी शब्द दिला आहे. पण कुठं बसवून घालायचं, हे ठरत नाही. शेजारच्या रानातली गोदाबाई काल आली होती. तिला विचारलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पांडव किती? पाच. सहावा मांडशील तर रान कोपंल, सांगून ठेवते." ह्यांना विचारलं तर हे सुपारी कातरत राहिले. ह्यांचं असंच आहे. बोलायचं म्हटलं की जिवावर येतं.

तर दाणे सोलता सोलता मला मागच्या वर्षीचा हिवाळा आठवतोय.

मनूला दिवस गेलेले. ती आणि जावई दोघंही तिकडं नोकरीला, घरात मोठं माणूस नाही, म्हणून तीन महिन्यांचा व्हिसा काढून मी नोव्हेंबरच्या शेवटी गेले. एवढ्या बायकांची बाळंतपणं ह्या हातांनी केली, स्वतःच्या लेकीचं परक्यावर कसं सोडू, अशा तोऱ्यात गेले. तिथल्या दवाखान्यात गेल्यावर कळलं की माझ्या हातांचं तिथं काही काम नाही. मग हात घेऊन करायचं काय, हा प्रश्न पडला, आणि मी दिसेल ते घासायला लागले.

त्यांचं घर उप्साला नावाच्या गावाजवळच्या खेड्यात, एका म्हातारीच्या शेताच्या कडेला भाड्यानं घेतलेलं. म्हातारीचं नाव बिर्गिट्टा. मी त्यांना बिर्गिट्टाबाई म्हणायचे. उंच, कोरड्या हातांच्या, पायात कायम रबरी बूट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जवळ थोडी मेंढरं आणि तांबड्या लाकडाचा एक मोठा गोठा. त्यांना मराठी येत नव्हतं, मला त्यांची भाषा येत नव्हती. मनू घरी असली की मधे बसून सांगायची. नसली की आम्ही दोघी आपापल्या भाषेत बोलायचो आणि काम भागायचं. मेंढरांबद्दल बोलायला भाषा कितीशी लागते?

तिकडचा अंधार मात्र मला झेपला नाही. दुपारी तीनला दिवस मावळतो. चहा ठेवायला जावं आणि येऊन बघावं तर खिडकीबाहेर रात्र. पहिल्या आठवड्यात मी मनूला म्हणाले, "हितं माणसं जगत्यात कशी गं?" ती म्हणाली, "थांब आई, आता दिवे लागतील." आणि खरंच लागले. डिसेंबर जवळ आला तसा प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीत एक दिवा आला. लाकडाच्या त्रिकोणावर ओळीनं बसवलेले दिवे, नाहीतर कागदाची मोठी चांदणी. पडदे कुणी ओढत नाही. घरातला उजेड बाहेरच्यालाही मिळावा म्हणून तो खिडकीत ठेवतात, असं बिर्गिट्टाबाई म्हणाल्या. मला ते फार आवडलं. आपल्याकडं दिवा उंबऱ्यात, त्यांच्याकडं खिडकीत, हिशेब तोच.

महिन्याच्या मध्याला लुसियाचा सण आला. सकाळी, म्हणजे घड्याळात सकाळ, बाहेर काळोखच, गावातल्या सभागृहात आम्ही जाऊन बसलो. सगळे दिवे घालवले. मग दारातून पांढऱ्या झग्यातल्या मुली गात गात आल्या, कमरेला तांबडी फीत, हातात मेणबत्त्या, आणि सगळ्यात पुढच्या मुलीच्या डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट. माझ्यातली नर्सबाई पहिल्यांदा जागी झाली. म्हटलं, केस पेटले म्हणजे? मनूनं कानात सांगितलं, मुकुटाखाली ओलं फडकं ठेवतात. तेवढं कळल्यावर मी निवांत रडले. का रडले ते तेव्हा कळलं नाही. येळवशीच्या संध्याकाळी आमच्याकडं कडब्याचा टेंभा पेटवून रानाभोवती फिरवतात, चहूकडच्या रानांत असे टेंभे पळताना दिसतात, ते आठवलं असावं. गाणं संपल्यावर केशराचे पिवळेधमक पाव दिले. आपल्या शिरापुरीत घालतो त्याच्या दसपट केशर, आणि वर फक्त दोन मनुका. कंजूस आहेत की उदार, मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

कुणी तिकडं सणाला जाणार असेल तर माझं एक ऐका. लोकरीचे मोजे बिनभोकाचे न्या, कारण प्रत्येक घरात बूट दारातच काढावे लागतात आणि तुमचे अंगठे, जोडवी, फाटकं-तुटकं सगळं पाहुण्यांच्या पंगतीत दिसतं. आणि उन्हाळ्यातला त्यांचा मोठा सण चुकवू नका. तो मी पाहिला नाही, नुसता ऐकला. रात्र होतच नाही म्हणे त्या दिवसांत. पानाफुलांनी मढवलेला खांब माळावर उभा करतात आणि म्हातारी-कोतारीसुद्धा त्याभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचतात. बिर्गिट्टाबाईंनी मला स्वयंपाकघरात उड्या मारून दाखवल्या. कपाटातली भांडी वाजली.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. जेवायला बोलावणं महिनाभर आधी. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक माणसं. मी बिर्गिट्टाबाईंना सांगितलं की आमच्या येळवशीला रस्त्यानं जाणारी एसटी थांबवून लोक प्रवाशांना खाली उतरवतात, ड्रायव्हर-कंडक्टरसकट. त्या म्हणाल्या, "मग ते लोक कामावर उशिरा पोचले तर?" म्हटलं, "उपाशी पोचण्यापेक्षा बरं."

तोवर इकडून फोनवर हे म्हणाले होते, "ह्या साली ऱ्हाऊ दे येळवस. तू न्हाईस, कोण करणार?" मी म्हटलं, "गोदाबाईला सांगा ना." हे म्हणाले, "कुणाला कशाला तरास?" ह्यांना मी ओळखते. दुसऱ्याच्या ओसरीवर पाणी प्यायलाही न थांबणारा माणूस. माणसं बोलवायची मी, आग्रह करायची मी. हे नुसती आंबिलाची घागर घोंगडीत गुंडाळून डोक्यावरून आणायचे आणि बाजूला बसायचे. त्या रात्री मला झोप आली नाही. सासूबाईंचं वाक्य उशाशी येऊन बसलं. चाळीस-एक वर्षांत पहिल्यांदा आमचं रान उपाशी राहणार होतं, आणि ते बोलणारही नव्हतं.

मग त्यांचा नाताळ आला. चोवीस तारखेला संध्याकाळी आम्ही बिर्गिट्टाबाईंच्या घरी जेवायला. मासे, बटाटे, मला न चालणारं बरंच काही, आणि शेवटी तांदळाची घट्ट खीर. त्या खिरीत एक अख्खा बदाम लपवतात. ज्याला सापडेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. तो सापडला बिर्गिट्टाबाईंनाच. जावई हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

जेवणं झाल्यावर त्यांनी एका लाकडी वाडग्यात थोडी खीर काढली, मधोमध लोण्याचा मोठा गोळा ठेवला, कंदील घेतला आणि गोठ्याकडं निघाल्या. मीही शाल, त्यावर जाकीट, त्यावर पुन्हा शाल अशी मागोमाग. गोठ्याच्या उंबऱ्याशी त्यांनी वाडगा ठेवला, क्षणभर थांबल्या आणि परत फिरल्या. मेंढरांच्या उबेचा वास येत होता. मला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. नैवेद्य मला कळतो. मी हात जोडले. आणि बघते तर बाई वाडगा तिथंच विसरून निघालेल्या. म्हातारं माणूस, विसरायचंच. मी वाडगा उचलला, पाठोपाठ घरात आले आणि रीतीप्रमाणं जावयाच्या तळहातावर, मनूच्या तळहातावर आणि बिर्गिट्टाबाईंच्या तळहातावर एक एक चमचा प्रसाद ठेवला. राहिलेला मी खाल्ला. लोणी छान होतं.

बिर्गिट्टाबाईंनी आपला घास तोंडात टाकला, आणि मग त्यांचं लक्ष वाडग्याकडं गेलं. त्यांचा चेहरा उतरला. मनूनं त्यांना विचारलं, मग कपाळावर हात मारून घेतला. "आई! ते माणसांनी खायचं नसतं!"

तेव्हा मला समजलं की प्रत्येक गोठ्यात म्हणे एक राखणदार असतो. बुटका, करड्या दाढीचा, तांबड्या टोपीचा, घराहूनही जुना. तो वर्षभर जनावरं सांभाळतो, रात्री कुणी आजारी पडलं तर जागतो, आणि मोबदल्यात वर्षातून एकदा एवढी खीर मागतो. तिच्यावर लोणी हवंच, आणि ते वर दिसायला हवं. तळाशी गेलं तर त्याला वाटतं दिलंच नाही आणि तो रुसतो. त्याचं खाल्लं तर काय होतं, हे बिर्गिट्टाबाईंनाही माहीत नव्हतं, कारण आजपर्यंत कुणी खाल्लंच नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, मग हा तर त्यांचा म्हसोबा. बांधावरचा. आपला कोंबडं मागतो, हा लोण्यावर भागवतो." मनूनं ते सांगितल्यावर बिर्गिट्टाबाईंना जे हसू फुटलं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसता हसता त्या उठल्या, दुसरा वाडगा भरला, आधीपेक्षा मोठं लोणी घातलं आणि पुन्हा बर्फातून गोठ्याकडं गेल्या. मी दारातून बघत राहिले. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ही त्यांची येळवस होती.

परत आल्यावर मी त्यांना माझी सांगितली. खोप, पाच दगड, आंबील, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग या वर्षी तुझ्या रानाला कोण वाढणार?"

मनूनं ते मला मराठीत सांगितलं, आणि मी उठून खिरीची भांडी घासायला घेतली.

येळवस आठवड्याभरातच आली. तिकडं सकाळ, बाहेर अंधार, खिडकीत तो त्रिकोणी दिवा. मी चहा घेऊन बसले होते, कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओवर आधी नुसतं आभाळ दिसलं, मग ह्यांचं अर्धं कपाळ, मग ज्वारी. ऊन इतकं होतं की माझे डोळे दिपले. हे म्हणाले, "दिसतंय का?" दिसत होतं. कडब्याची खोप, जरा वाकडी. आत पाच दगड. पुढं पातेलं.

"भज्जी कुणी केली?" मी विचारलं.

"झाली," हे म्हणाले.

मग मागून गोदाबाईनं फोन हिसकावून घेतला. "अगं, तुजा नवरा सकाळधरनं पातेलं घिऊन दारोदार फिरलाय! माज्या दारात हुबा ऱ्हायला अन् म्हणला, वयनी, एक पळी भज्जी वाढा, रानाला दावायचीय. जल्मात कदी तोंड उघडलं न्हाय ह्या माणसानं! सगळ्या आळीची भज्जी हाय ह्या पातेल्यात. आंबील मात्र त्येनीच केलीया. गुठळ्याच गुठळ्या!"

हे मागून म्हणाले, "गुठळ्या रानाला कळत न्हाईत."

मग त्यांनी फोन खोपीला टेकवून ठेवला आणि तांब्या घेऊन फेरीला निघाले. पुढच्यानं शिंपडायचं आणि मागच्यानं आरोळी द्यायची अशी रीत. मागं कुणी नव्हतं, म्हणून शिंपडणंही ह्यांचंच आणि आरोळीही ह्यांचीच. "ओलगे, ओलगे, सालम पोलगे!" या शब्दांचा अर्थ आमच्याकडं कुणालाच धड सांगता येत नाही, सरहद्दीपलीकडच्या कानडीतून आले म्हणतात. तो आवाज लांब गेला, ज्वारीत दिसेनासा झाला, पुन्हा जवळ आला. मी त्या परक्या स्वयंपाकघरात बसून पदर तोंडात धरून रडले. संसारात ह्यांनी मला साडी आणली, डोरलं केलं, पण एवढं कधी दिलं नव्हतं.

दिवस उजाडल्यावर खिडकीवर टकटक झाली. बिर्गिट्टाबाई. हातात टोपली. मनूकडून त्यांनी दिवस विचारून ठेवला होता. म्हणाल्या, चल, माझं रान आहे. मी बॅगेतून नेलेलं ज्वारीचं पीठ काढलं, तिथल्या आंबट दुधात कालवलं, लसूण-जिरं ठेचून घातलं आणि आंबील केली. आम्ही दोघी त्यांच्या शेतात गेलो. शेत कसलं, नुसतं पांढरं. दगड हवे होते, पण बर्फ उकरून हात सुन्न झाले तरी एक निघेना. जमीनच गोठलेली. मग बिर्गिट्टाबाईंनी टोपलीतून तळघरातले पाच बटाटे काढले आणि ओळीनं मांडले. मी एकेकाला हळद लावली. धर्मराज जरा कोंब फुटलेले होते.

मी पुढं शिंपडत गेले आणि मागून त्या रबरी बुटांत पाय ओढत, मोठ्यानं, प्रत्येक अक्षर चुकवत आरोळी देत आल्या. फेरी झाल्यावर मी नैवेद्य उचलला. त्या पटकन म्हणाल्या, ठेव, ठेव, त्यांचं आहे! मी म्हटलं, नाही, आमचे पांडव वाटून खातात. मग दोघींनी बर्फात उभ्यानं आंबील प्यायली. त्यांना लसूण झेपला नाही, पण वाटी रिकामी केली.

जानेवारीत एक दिवस लोकांनी नाताळची झाडं घराबाहेर काढून टाकली, त्याचाही पोरांनी सण केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मनूला मुलगी झाली. मी तिला अंघोळ घालायला शिकले, म्हणजे तिकडच्या पद्धतीनं, न रगडता. फेब्रुवारीत मलईनं भरलेले गोल पाव खायचा त्यांचा मोसम आला, ते खाऊन मी परत निघाले. बिर्गिट्टाबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. आम्ही पुन्हा भेटू असं काही म्हणालो नाही. आमची दोघींची वयं आम्हाला माहीत होती.

उन्हाळ्यात मनूनं व्हिडिओ पाठवला. पानाफुलांचा खांब, आणि त्याभोवती बिर्गिट्टाबाई आमच्या नातीला कडेवर घेऊन नाचताहेत. मग पावसाळ्यात फोन आला की त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मेंढरं गेली, शेत विकलं, त्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात राहायला गेल्या. नवा मालक गोठ्यात मोटारी ठेवणार आहे. दिवाळीला मनूनं झबलं उलगडून दगड माझ्या हातात दिला आणि त्यांचा निरोप सांगितला. "त्या दिवशी तुला दगड मिळाला नव्हता, म्हणून हा घे. गोठ्याच्या उंबऱ्याचा आहे. आमच्यात म्हणतात, घर हललं की तोही सामानात बसून बरोबर येतो. पण माझ्या या खोलीला गोठा नाही. तुझ्याकडं रान आहे. वाढशील का त्याला?"

मी लगेच हो म्हटलं. गोदाबाई आणि पाच पांडव तेव्हा डोक्यातच आले नाहीत.

इथवर लिहून वही मिटली होती. पुढचं आज लिहिते आहे. येळवस झाली.

सकाळी हे लवकरच रानात गेले होते. मी भज्जी, उंडे, खीर घेऊन मागून गेले. तो दगड पिशवीत न्यावा म्हणून फडताळ बघितलं तर तिथं नुसता गोल डाग. वाटेभर जिवाला घोर. टाकून दिला की काय बांधावर? ह्यांचा दगडांवर राग, त्यात दिसायला तो सगळ्यांसारखाच.

खोप यंदा सरळ होती. आत वाकून बघितलं तर सहा दगड, सहाही चुन्यानं पांढरेफेक. सहावा पाचांच्या ओळीतच होता, जरासा कडेला, पंगतीत पाहुण्याला जागा करून दिल्यासारखा. त्याच्या टोकाला ह्यांनी कुंकवाचा मोठा तांबडा ठिपका लावला होता. टोपी.

गोदाबाई आलीच. "अवो, ह्यो सहावा कोण म्हणायचा? कर्ण का काय?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात हे बोलले. "पावना हाय. गेल्या साली आमची ही परमुलखात एकटी व्हती, तर त्यांच्या रानानं तिची येळवस केली. पावन्याला भाईर बसवत्यात का, वयनी?"

गोदाबाईनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा दगडाकडं. मग तिनं आपल्या डब्यातला एक उंडा काढून सहाव्यापुढं ठेवला. "मंग जेवल की. बसा म्हणावं."

फेरी झाली. आरोळी आता हेच देतात, मी पुढं शिंपडते. रस्त्यानं मोटारसायकलवर चाललेली दोन अनोळखी माणसं ह्यांनी हात करून थांबवली आणि जेवायला बसवली. मी बघतच राहिले. प्रसाद उचलायची वेळ झाली, तसा माझा हात सवयीनं सहाव्यापुढच्या आंबिलाच्या वाटीकडंही गेला. हे म्हणाले, "ती ठेव. त्याचं हाय ते." ठेवली. एक फोटो काढून मनूला पाठवला आणि ऊन कलल्यावर आम्ही घरी आलो.

चहा टाकला होता तेवढ्यात मनूचा व्हिडिओवर फोन. ती बिर्गिट्टाबाईंच्या खोलीत होती. खिडकीत तोच त्रिकोणी दिवा. त्या वाळून गेल्यात. मांडीवर आमची नात, हातात त्यांचा फोन, त्यावर मनूनं पाठवलेली आमची खोप. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मी वाट बघत होते, आता रडतील, आभार मानतील. त्या काहीतरी म्हणाल्या. मनू हसली.

"आई, त्या विचारतायत, लोणी कुठंय?"

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. भज्जी, आंबील, खीर, उंडे, सगळं केलं. आणि एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला जे एकच लागतं तेवढं विसरले. वर्षभर रुसून बसणार होता तो, आणि परक्या रानात, जिथं त्याला कुणाची भाषा येत नाही.

मी ह्यांना सांगायला वळले. हे जागेवर नव्हते. शिंकाळ्यातलं लोण्याचं मडकं खाली काढलेलं होतं आणि हे दारात गाडी चालू करून उभे होते.

"चल लौकर," हे म्हणाले. "अंदार पडायच्या आत."

रानारानांतून टेंभे पेटायला लागले होते. आम्ही खोपीत वाकलो. वाटी जशीच्या तशी होती, कुण्या पाखरानंसुद्धा तोंड लावलं नव्हतं. ह्यांनी मडक्यात दोन बोटं घातली, चांगला लिंबाएवढा गोळा काढला आणि आंबिलावर सोडला. तो एकदा बुडाला, मग वर आला.

"आता दिसतंय," हे म्हणाले.